पंचनाम्यात नसलेला रकाना

पूर ओसरला की गावात आधी येतो तो तलाठी. सोबत ग्रामसेवक आणि कृषी सहायक असतात. घर पूर्ण पडले की अंशतः, किती ढोरे वाहून गेली, किती जमीन खरडली, भांडीकुंडी आणि कपडालत्ता गेला का, याची नोंद होते. पंच सह्या करतात. पुढची सगळी मदत या कागदावर चालते. पंचनाम्यात जे लिहिले गेले त्याची भरपाई मिळते; ती थोडी असेल, उशिरा असेल, पण तिच्यासाठी भांडता तरी येते. जे लिहिले गेले नाही, ते सरकारच्या लेखी गेलेलेच नसते.

देवघराच्या फडताळात बासनात बांधून ठेवलेली पोथी, भजनी मंडळाची हाताने उतरवलेली वही, शाळेचे पहिले दाखल-खारीज रजिस्टर, गावच्या वाचनालयाची इतिवृत्ते, नदीकाठी शेंदूर फासलेला वीरगळ, घाटाच्या घडीव पायऱ्या यांच्यासाठी या कागदात रकाना नाही. एखादा पंच सांगू लागला तरी त्याची किंमत काय लावायची, हा प्रश्न पुढे येतो आणि विषय संपतो. आपत्तीनंतर वारसा वाचवण्यासाठी समाज काय करतो आणि त्यातून खरोखर काय वाचते, हे तपासताना या रिकाम्या जागेपासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे अशा लोकप्रयत्नांचे तीन प्रकार दिसतात. लोक दान देतात, लोक श्रम करतात आणि क्वचित लोक नोंद करतात. पहिल्या दोहोंचे आपण भरभरून कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण दान आणि श्रम आपत्तीनंतर येऊ शकतात, नोंद मात्र आपत्तीच्या आधीच व्हावी लागते. तिच्यावाचून उरलेल्या दोघांना काय वाचवायचे हेच कळत नाही. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांपुरता विचार केला तर हे अधिकच खरे ठरते. कारण वऱ्हाडातला मोठा वारसा किल्ल्यांत आणि लेण्यांत नाही. तो कागदात, घरांत आणि लोकांच्या स्मरणात आहे.

दान : पुस्तके परत येतात, ग्रंथालय येते का?

अलीकडच्या काळातले सर्वांत बोलके उदाहरण कोकणातले आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ साली स्थापन झाले. २६ जुलै २००५ च्या महापुरात ते बुडाले. त्यातून ते असे उभे राहिले की २०१३ साली त्याच संस्थेच्या यजमानपदाखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी पुन्हा शहरात शिरली आणि हजारो पुस्तके पुन्हा पाण्याखाली गेली. मधल्या काळात, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेच्या पुरात सांगलीच्या दीडशे वर्षांच्या नगर वाचनालयाचीही हीच गत झाली. दोन्ही वेळा महाराष्ट्राने हात आखडता घेतला नाही. प्रकाशकांनी, लेखकांनी, निवृत्त शिक्षकांनी खोके भरभरून पुस्तके पाठवली. दोन्ही संस्था पुन्हा चालू झाल्या. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

तरीही टीकेची जागा इथेच आहे. दानातून कोणती पुस्तके येतात? जी बाजारात आहेत किंवा दात्याच्या घरात दोन-दोन प्रती आहेत ती. कादंबऱ्या येतात, चरित्रे येतात, गाजलेल्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या येतात. त्या दुसऱ्या कोणत्याही गावातही असतात. शंभर-दीडशे वर्षांच्या ग्रंथालयाचे वेगळेपण मात्र त्या गावाखेरीज कुठेच नसलेल्या गोष्टींत असते. स्थानिक छापखान्यात निघालेली पन्नास पानांची पुस्तिका, बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या फाइली, वर्गणीदारांची वही, व्याख्यानमालेची हस्तपत्रके, वाचकांनी समासात लिहिलेले शेरे. यांची दुसरी प्रत कुणाच्या घरी नसते, म्हणून ती दानात येऊ शकत नाही. ग्रंथसंख्या पूर्वीइतकी झाली की आपण म्हणतो, ग्रंथालय सावरले. वाचकांची सोय सावरली, एवढेच त्यातून सिद्ध होते. भरपाई आणि जतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आकडेवारीत त्या एकच दिसतात.

चिपळूण बुडाले त्याच दिवसांत अकोल्यातही मोर्णेचे पाणी सखल वस्त्यांत शिरले होते, हे आता फारसे कुणाला आठवत नाही. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयाची परंपरा १८६० पर्यंत मागे जाते. अमरावतीचे नगर वाचनालयही एकोणिसाव्या शतकातलेच. कोकणात घडले ते इथे घडू शकते. त्या वेळी कोणत्या कपाटातली कोणती पन्नास पुस्तके आधी वर न्यायची, हे पहारेकऱ्याला माहीत असेल का? हा एक प्रश्न लाखभर रुपयांच्या देणगीपेक्षा महत्त्वाचा आहे.

श्रम : चिखलातले हात

दानाच्या तुलनेत श्रमाची गोष्ट वेगळी आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर शिरला. नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चिखल आणि इंधनाचे तेल मिसळलेले पाणी भरले. देशोदेशींचे तरुण तिथे धावले. माणसांची साखळी करून त्यांनी तळघरातले ग्रंथ हातोहात वर काढले. लोकांनी त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हटले. पण त्यांनी वर काढलेल्या ग्रंथांची दुरुस्ती पुढे दशकानुदशके चालू राहिली. उत्साह पंधरवड्याचा होता आणि काम दोन पिढ्यांचे. त्या पुरात ग्रंथसूचीची कार्डेही भिजली होती, म्हणजे हातात आलेला लगदा कोणत्या ग्रंथाचा हे ओळखण्याचे साधनच चिखलात गेले होते. आधुनिक ग्रंथसंवर्धनाचे शास्त्र मोठ्या प्रमाणात या अनुभवातून घडले.

त्या शास्त्रातले चार धडे वऱ्हाडातल्या प्रत्येक ग्रंथपालाला आणि मठाधिपतीला पाठ असायला हवेत. दमट उकाड्यात भिजलेल्या कागदाला साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. ओली पोथी उघडून कडक उन्हात ठेवली तर पाने आकसतात आणि वेडीवाकडी होतात. सावलीत, वाऱ्यावर, मध्ये टिपकागद घालून वाळवावी लागते. गुळगुळीत कागदाची पुस्तके मिटलेली वाळली तर त्यांची वीट होते. काजळाची जुनी शाई पाण्यात तुलनेने टिकते, पण नंतरची रंगाची शाई आणि जांभळी पेन्सिल ओघळते, म्हणून दोनशे वर्षांच्या पोथीपेक्षा साठ वर्षांच्या वहीकडे आधी धावावे लागते. एकाच वेळी सगळे वाळवणे शक्य नसेल तर कागद गोठवून ठेवतात आणि सवडीने हाताळतात. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातली संत्र्यांची शीतगृहे यासाठी पुरेशी नाहीत, कारण तिथे गारवा असतो, गोठण नसते. बुरशीला काही दिवस थोपवण्यापुरता त्यांचा उपयोग. आइस्क्रीम किंवा मासळी साठवणाऱ्याचा मोठा फ्रीजर मात्र खरोखर कामाचा. अशा माणसाचा दूरध्वनी क्रमांक आधी लिहून ठेवणे, हाही वारसा-जतनाचा भाग आहे.

श्रमाला दिशा नसेल तर तो नासधूसही करतो. पुरानंतर गाळ काढताना फावड्याखाली काय जाते, हे कुणी पाहत नाही. सफाई झाली की स्वयंसेवक समाधानाने परततात. ट्रॉलीत भरून गेलेल्या ‘कचऱ्यात’ काय होते ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

किल्लारी आणि मोवाड : घर हाही वारसाच

कागदाकडून घराकडे आले की गुंतागुंत वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्री, लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर कोसळल्याने बहुतेक मृत्यू झाले. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो मोठा कार्यक्रम झाला त्यात ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, आखीव प्लॉट, सिमेंटची घरे. जीव गमावलेल्या माणसांना दगडाची भीती वाटली, यात त्यांचा दोष नाही. पण भिंती पडल्या त्या दगडामुळे की रचनेमुळे, हा फरक लोकांपर्यंत नीट पोचला नाही. भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड घातले, कोपरे बांधून घेतले, वरचे ओझे कमी केले तर तेच घर टिकू शकते, हे त्याच कार्यक्रमातल्या दुरुस्तीच्या कामांनी दाखवले होते. वारसा-अभ्यासक रोहित जिज्ञासू यांनी मराठवाडा आणि नेपाळ यांचा एकत्र अभ्यास करताना हाच मुद्दा मांडला : स्थानिक बांधकामाचे ज्ञान आधीच क्षीण झालेले होते आणि पुनर्वसनाने ते सावरण्याऐवजी बाजूला सारले.

वऱ्हाडाला या गोष्टीशी घेणे आहे, कारण माळवदाचा सख्खा भाऊ म्हणजे आपले धाबे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात धाब्याची घरे पिढ्यान् पिढ्या उभी राहिली. कोणती माती वर टाकायची, उतार कसा ठेवायचा, पावसाळ्याआधी धाबे कसे चोपून घ्यायचे, हे जाणणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. मोठी आपत्ती आली तर पंचनाम्यात या घरांची नोंद ‘कच्चे घर’ या दोन शब्दांत होईल.

आपल्या शेजारी हे घडून गेले आहे. वरूड तालुक्यासमोर, वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर, नागपूर जिल्ह्यातले मोवाड आहे. ३० जुलै १९९१ च्या महापुराने दोनशेवर माणसे नेली आणि गाव नव्या जागी वसवावे लागले. दरवर्षी त्या तारखेला मृतांना आदरांजली वाहिली जाते. माणसांची नावे जपली गेली, ते रास्तच. पण जुन्या गावाच्या गल्ल्या, पार, वाडे, देवळे यांचा घरवार नकाशा म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यातच असतो. ती माणसे असेपर्यंतच तो काढता येतो. त्यासाठी अभियंता लागत नाही; शाळेतली पोरे, कागद आणि चार दुपारी लागतात.

नोंद : वऱ्हाडाचा स्वतःचा धडा

नोंदीचे महत्त्व शिकायला फ्लॉरेन्सला जायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते की, खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि पुढे हिराइसेसारख्या शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. ही आपत्ती नैसर्गिक नव्हती, पण तिचा धडा प्रत्येक पुराला लागू आहे. ग्रंथ वाचला तो पेटीच्या मजबुतीने नव्हे. अनेकांनी तो आधीच मुखोद्गत केला होता म्हणून. अर्थात स्मरणातून उभ्या राहिलेल्या ग्रंथाला पाठभेदांची किंमतही मोजावी लागली, हे वि. भि. कोलते यांची १९७८ ची संपादित आवृत्ती चाळणाऱ्याला दिसतेच. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. आजूबाजूच्या मठांतल्या आणि घरांतल्या पोथ्यांची आपत्तीपूर्व यादी करणे, याहून या विद्यापीठाला शोभणारे पहिले काम कोणते?

दुसरा धडा कारंजा लाडचा. आज वाशीम जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या होत्या. कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तीत या भांडारांची जगाला ओळख झाली. पाठोपाठ कारंजा ग्रंथमाला निघाली : प. ल. वैद्यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आणि ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये. क्रम लक्षात घ्यावा : आधी यादी, मग प्रत, मग छापील ग्रंथ. आता कारंजाच्या भांडाराला उद्या काही झाले तरी हे ग्रंथ जाणार नाहीत.

याच हिरालाल जैनांनी अमरावतीत बसून ‘धवला’ टीकेसह षट्खंडागमाचे संपादन हाती घेतले; पहिला खंड १९३९ साली निघाला. मूळ ताडपत्रे दूर कर्नाटकात, मूडबिद्रीच्या मठात होती आणि शतकानुशतके जवळजवळ कुणाला दिसत नव्हती. ताडपत्र झिजत होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून त्यांच्या नकला सुरू झाल्या, काही नकला मठाच्या इच्छेविरुद्धही बाहेर आल्या, आणि अमरावती, आरा, कारंजा अशा ठिकाणच्या नकलांवरून आरंभीचे संपादन झाले. पुढे मठाचा विश्वास बसला आणि मूळ ताडपत्रांशी पाठ पडताळता आला. झिजत चाललेला ग्रंथ ज्यांनी वाचवला त्यांत नकलनवीस होते, पैसा देणारे व्यापारी होते आणि एक कॉलेजातला शिक्षक होता. हाही लोकप्रयत्नच. फक्त आपत्तीची बातमी व्हायच्या आधी झालेला.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप माणुसकीचा आहे. ज्याचे छप्पर गेले त्याच्यासमोर पोथ्यांची गोष्ट काढायची कशी? काढू नयेच. माणसे, ढोरे, धान्य, पाणी यांच्यानंतरच हा विषय येतो. म्हणूनच तो पुराच्या दिवसांत काढता येत नाही आणि उन्हाळ्यात काढावा लागतो. शिवाय वारसा म्हणजे श्रीमंतांची हौस, हे गृहीतच चुकीचे आहे. मेळघाटातल्या कोरकू कुटुंबाचा कोरीव स्मृतिस्तंभ, भजनी मंडळाची वही, दलित वस्तीतल्या पहिल्या शाळेचे रजिस्टर यांना विमा नसतो, रखवालदार नसतो आणि दुसरी प्रत नसते. यादी नसल्याचा तोटा आधी गरिबाच्या वारशाला होतो.

दुसरा आक्षेप संशयाचा आहे. यादी केली तर सरकार ताबा घेईल, चोराला वाट सापडेल, धर्मग्रंथ परक्या नजरेला पडेल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातली नोंदणीची भाषा लोकांना दरडावणारी वाटते. मूर्ती विहिरीजवळ गुपचूप पुरून ठेवलेली बरी, असे म्हणणारे गावोगाव भेटतात. मूडबिद्रीचा मठ आणि महानुभावांची सकळ लिपी हेच सांगतात की गुप्तता हीसुद्धा जतनाची एक रीत होती. तिचा मान राखूनही काम होऊ शकते. आपत्तीपूर्व यादीत मजकुराची छायाचित्रे लागत नाहीत. किती पोथ्या, कोणत्या खोलीत, जमिनीपासून किती उंचीवर, किल्ली कुणाकडे आणि पाणी आले तर कुठे हलवायच्या, एवढे पुरते. यादीची एक प्रत मालकाकडे आणि एक सीलबंद प्रत पुराच्या रेषेबाहेरच्या दुसऱ्या गावी. ताबा मालकाचाच राहतो.

आता काय करता येईल

उघड्यावरच्या वास्तूंना थोडे वेगळे नियम लागतात. बाळापूरचा १७५७ मध्ये पूर्ण झालेला किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यात आहे, आणि मिर्झा राजे जयसिंगाच्या नावाची छत्री नदीकाठी आहे. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूर थेट वर्धेच्या काठावर आहे. मोरेश्वर दीक्षितांनी तिथे केलेल्या उत्खननाने त्या टेकाडाखालचा दोन हजार वर्षांहून जुना इतिहास उजेडात आणला. संरक्षित वास्तूचा वाली कोण हे फलकावर लिहिलेले असते. पण फलकाच्या बाहेरचा घाट, धर्मशाळा, समाधी, वीरगळ यांचा वाली कोण, हे पूर आल्यावर शोधायचे नसते. दरवर्षी मृगाच्या आधी त्याच चार ठिकाणांहून, त्याच कोनातून काढलेला एक फोटो पुढे दुरुस्तीच्या वेळी कोणत्याही अहवालापेक्षा अधिक कामाला येतो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली संग्रहालयांसाठी आणि सांस्कृतिक वारसास्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या चांगल्या आहेत. पण त्या दिल्लीतून गावच्या चावडीपर्यंत यायच्या तर मध्ये पंचनाम्याचा कागद आहे. मागणी साधी आहे : त्या कागदात एक रकाना वाढवावा. ‘जुनी हस्तलिखिते, अभिलेख, वास्तू किंवा मूर्ती यांचे नुकसान आहे का? असल्यास कुठे?’ पैशाची हमी नको, किंमत लावण्याची सक्ती नको. तलाठ्याने ‘होय’ लिहिले तरी पुरे. त्या ‘होय’मुळे अठ्ठेचाळीस तासांत कुणाला तरी फोन जाईल आणि गाळ काढणारे फावडे थोडा वेळ थांबेल. जिल्ह्यातली महाविद्यालये, नगर वाचनालये आणि मठ यांनी आपापल्या याद्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे स्वतःहून दिल्या, तर या मागणीला वजनही येईल.

एक गोष्ट मात्र शासनाच्या हातात नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघरची साफसफाई नुकतीच झालेली असेल. माळ्यावरून उतरवलेली जुनी वही, आजोबांची पत्रे, दाखले, पावत्या, कुठल्याशा सभेची छापील पत्रके रद्दीच्या ढिगात गेली असतील किंवा अजून अंगणात पडलेली असतील. वऱ्हाडातले जुने कागद पूर्णा आणि वर्धा या नद्यांनी जितके नेले, त्याहून अधिक रद्दीच्या तराजूने नेले असतील. तो ढीग अजून दारात असेल तर एकदा उकलून पाहावा. जे ठेवण्यासारखे असेल त्याची पानभर यादी करावी, पेटी जमिनीवरून उचलून फळीवर ठेवावी आणि यादीची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे द्यावी. पुढच्या पावसाळ्याला अजून सात महिने आहेत.